खाटेवरच्या माणसाचा दोष

मिरज हे आजाऱ्यांचे गाव आहे. बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण, कुठूनही पेशंटला गाडीत बसवून लोक मिरज जंक्शनला उतरतात आणि रिक्षावाल्याला डॉक्टरचे नाव सांगतात. गावाची ही ओळख विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरपासून सुरू झाली. ते 1889 मध्ये भारतात आले. आधी त्यांनी सांगलीत काम केले, मग मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि 1894 साली तिथे रुग्णालय उभे राहिले. पुढे वैद्यकीय शाळा निघाली, कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय झाले आणि क्षयरोग्यांचे आरोग्यधाम जिथे उभे राहिले त्या भागाला वॉनलेसवाडी हेच नाव पडले. याच गावात मीरासाहेबांचा दर्गा आहे. अब्दुल करीम खाँसाहेब आजारपणात तिथे गायले आणि बरे झाले, असे मिरजेत आजही सांगतात. औषध आणि नवस दोन्ही इथे शंभर वर्षांहून अधिक काळ शेजारी राहत आले आहेत आणि पेशंटचे नातेवाईक सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे जातात.

डॉक्टर रोगाचे नाव सांगतो, खर्चाचा आकडा सांगतो. पण रात्री वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर आजारी माणूस स्वतःला एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर केसपेपरवर नसते: माझे काय चुकले? हा प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही. पण त्याला सांगली-साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आज जे उत्तर दिले जाते, त्याबद्दल मला बोलायचे आहे, कारण ते उत्तर मला चुकीचे वाटते आणि ते ख्रिस्ताच्या नावाने दिले जाते याचे मला दुःख आहे.

गावाबाहेरच्या मैदानावर मांडव असतो, प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, कीबोर्ड आणि ढोलक असते. चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा. लोक हातात तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन येतात, लॅबचे नाव छापलेल्या पिशवीत, कारण पाळकाने त्या कागदांवर हात ठेवावा अशी त्यांची इच्छा असते. काहींच्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली असते. अशा एका सभेत मी एका बाईंना पुढे जाताना पाहिले. शुगर होती, डाव्या पायाला जखम होती आणि ती भरत नव्हती. बँडेजवरून मोजा चढवला होता, चप्पल हातात होती. उपदेशकाने माइकवर विचारले, कुणाविषयी मनात राग आहे का? बाई आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, जावेबद्दल आहे, जमिनीच्या वाटणीपासून. उपदेशक म्हणाले, तेच तुझी चंगाई अडवून धरते आहे. बाई रडल्या, हात जोडून जावेला क्षमा केली म्हणाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रभूची स्तुती झाली.

त्या रडण्याला मी खोटे म्हणणार नाही. कित्येक वर्षांची अढी अशी चारचौघांत सुटते तेव्हा माणूस मोकळा होतो, त्या रात्री त्यांना झोपही लागली असेल. कडवटपणा धरून जगणाऱ्याचा रक्तदाब आणि झोप बिघडते हे कुठलाही डॉक्टर मान्य करील. माझा आक्षेप क्षमा आणि जखम यांच्यात घातलेल्या गाठीला आहे. क्षमा केली म्हणून जखम भरेल, असे त्यांना सांगितले गेले. म्हणजे जखम भरली नाही तर क्षमा खोटी होती. पुढच्या सभेत हे वाक्य कुणीतरी बोललेच असते: विश्वास कमी पडला. मग बाईंच्या पायाला जखम, आणि वर विश्वासाला दुसरी.

सांगली-साताऱ्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांना तरी हे उत्तर परके वाटायला हवे. त्यांतली बरीच घरे ज्या समाजांतून आली त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितले गेले होते की तुमचा जन्मच मुळी मागच्या पापाची शिक्षा आहे. घरात महारोग निघाला तर भोग, पोर मेले तर भोग. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पापक्षमा या गोष्टीचा अर्थ त्यांच्यासाठी फार ठोस होता: ही उधारीची वही देवाने फाडून टाकली. आता त्यांच्याच नातवंडांना मांडवात बसवून तीच वही नव्या पुठ्ठ्यात परत हातात दिली जाते. पूर्वजन्म गेला आणि त्याच्या जागी लपवलेले पाप, अपुरा विश्वास, घराण्याचा शाप आला. हिशेब मात्र जुनाच राहिला.

शास्त्रात याला आधार आहे असे सांगितले जाते, म्हणून शास्त्राकडेच जाऊ. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट प्रत्येक चंगाई सभेत सांगितली जाते. कफर्णहूमच्या घरात गर्दी आहे, चौघे जण त्याला खाटेसकट छपरातून खाली सोडतात. येशू पाहतो तो त्या चौघांचा विश्वास. खाटेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही. येशू त्याला आधी पापांची क्षमा देतो. आपले पाप कोणते, हे तो बोललेला नाही. त्याने काहीच बोलल्याचे लिहिलेले नाही. शास्त्री मनात कुरकुरतात, त्यानंतर मग उठण्याची आज्ञा होते आणि तो खाट उचलून चालायला लागतो.

या गोष्टीतला जो क्षण सभेत कुणी सांगत नाही तो मधला आहे. क्षमा झालेली आहे आणि माणूस अजून खाटेवरच पडलेला आहे. हातपाय तसेच लुळे. त्या क्षणी त्याची क्षमा अर्धी होती का? जर शास्त्र्यांनी शंका घेतली नसती आणि गोष्ट तिथेच थांबली असती, तर तो माणूस क्षमा न मिळालेला ठरला असता का? मला वाटते मार्कने मुद्दाम हे अंतर ठेवले आहे. क्षमा आजारपणातही पुरी असते. आणि ज्यांना आपण न उठलेले लोक म्हणतो, ज्यांची खाट गेली वीस वर्षे घराच्या त्याच कोपऱ्यात आहे, ते याच अंतरात राहतात. त्यांना त्या क्षणाचा उपदेश हवा आहे.

याच्या उलटचे उतारेही आहेत आणि ते टाळून चालणार नाही. बेथेसदाच्या तळ्यापाशी बरा झालेल्या माणसाला येशू नंतर मंदिरात भेटतो आणि बजावतो की आता पाप करू नको, नाहीतर यापेक्षा वाईट होईल. करिंथच्या मंडळीला पौल लिहितो की तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि आजारी आहेत, काही मेलेही, कारण तुम्ही प्रभुभोजन अयोग्य रीतीने घेता. पाप आणि आजार यांचा काहीच संबंध नाही, असे म्हणणाऱ्याला हे दोन्ही उतारे अडवतात. मी तसे म्हणतही नाही. दारूने यकृत जाते, हुंड्यासाठीच्या छळाने सुनेचे मन मोडते, पाणी नासवणाऱ्या कारखान्यामुळे गावाला आजार होतात, ही पापेच आहेत. फक्त अशा पापाचा आजार कुणाच्या अंगावर निघतो ते बघावे. करिंथमध्ये दोष कोणता होता? श्रीमंत आधी येऊन भरपेट जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौलाचा राग त्यावर आहे. तिथले पाप पंक्तीतल्या भेदाचे होते, ते सगळ्या मंडळीचे होते. आणि आपले उपदेशक हाच उतारा एकट्या आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात.

उरला प्रश्न जन्मांधाचा. त्याला पाहून शिष्यांनी येशूला विचारले, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोघांनाही त्यातून सोडवले. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्यांच्याबद्दलही त्याने हेच सांगितले: ते यरुशलेमातल्या इतरांहून जास्त पापी नव्हते. पौलाच्या शरीरात काटा होता. काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवले, काटा राहिला. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेतला मागे ठेवले. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडे, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. लपलेले पाप शोध, असे लिहिले नाही. ज्या माणसाच्या हातून आजारी बरे झाल्याच्या कथा प्रेषितांच्या कृत्यांत आहेत, त्याच माणसाच्या पत्रांत या नोंदी आहेत.

आपल्याकडे बरे न होताही विश्वासात राहिल्याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायच्या इराद्याने. कानांनी दगा दिला, ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये जे आत्मिक जागरण झाले त्याची चर्चा जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात आजही होते. आजच्या चंगाई सभांची महाराष्ट्रातली एक मुळी तिथपर्यंत जाते. त्या जागरणाच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईंना ऐकू कमी येत होते. त्यांनी त्या कानांनिशीच बायबलचे मूळ भाषांतून मराठीत भाषांतर करण्याचे काम आयुष्याच्या शेवटापर्यंत रेटले. 1921 मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः. केडगावातल्या कुणा मुलीला असे विचारायची हिंमत झाली असती का की बाई, तुमचा विश्वास कुठे कमी पडला?

वॉनलेस आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला, आणि तो विश्वास सोडून धरलेला नव्हता. त्याच काळात पश्चिमेतल्या काही उत्साही विश्वासणाऱ्यांमध्ये औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास, असा विचार जोरात होता. 1890 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससहून सिएरा लिओनला गेलेल्या तरुण मिशनऱ्यांपैकी काहींनी हिवतापात क्विनाइन घ्यायला नकार दिला आणि ते मेले. मिरजेत त्याच दशकात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत होत्या. मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करायची रीत होती, ती करून मग सर्जन हात धुऊन चाकू उचलत. प्रार्थनेने निर्जंतुक पाण्याची जागा घेतली नाही आणि पाण्याने प्रार्थनेची नाही. मुतखडा काढून घेणाऱ्या शेतकऱ्याला कुणी आधी पापांचा कबुलीजबाब विचारत नसे.

रिचर्डसन रुग्णालयाचे काम मला याहूनही बोलके वाटते. महारोग या एका रोगावर जितका पापाचा शिक्का बसला तितका दुसऱ्या कशावर नसेल. नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 मध्ये त्याचा जंतू दाखवला तरी शिक्का पुसला गेला नाही. बोटे झडतात ती शापाने, हे लोकांना पक्के ठाऊक होते. खरे तर हा जंतू मज्जातंतू मारतो, हातापायाची संवेदना जाते, मग चुलीचा चटका कळत नाही, पायात काच गेलेली कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे त्या जखमांनी जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले आणि पांगळ्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावले. 1940 च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले, 1982 पासून बहुऔषधोपचार. आज हा रोग पूर्ण बरा होतो. पण औषध नव्हते त्या काळातही मिरजेत या रोग्यांच्या जखमा धुणारे हात होते. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि मग तो शुद्ध होतो. स्पर्श आधी आहे. बरे झाल्यावर जवळ घेणे कुणालाही जमते.

उपचार अडवणाऱ्या श्रद्धेबद्दल बोलताना साताऱ्यातल्या एका डॉक्टरचे नाव घ्यायलाच हवे. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला, 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. हा कायदा आपल्याविरुद्ध आहे असे काही पाळकांना वाटते. प्रार्थनासभांवर आधीच धर्मांतराचे आरोप होतात, त्यामुळे त्यांची धास्ती मी समजू शकतो. पण कायदा वाचून पाहावा. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे काढणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणे हे त्यात गुन्हे आहेत. घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, तिच्यातून शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल तर, त्याने हात लावलेला नाही. इन्शुलिन बंद करायला लावणाऱ्या उपदेशकाला याची भीती वाटत असेल तर वाटू द्यावी. आजारी माणसाशेजारी गुडघे टेकणाऱ्या आजीला भिण्याचे कारण नाही.

दाभोलकरांच्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. 2006 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अनोळखी लोकांनी लांबून केलेल्या प्रार्थनेचा काही फायदा दिसला नाही. उलट ज्यांना खात्रीने सांगितले होते की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच आढळली, 59 टक्के, तर ज्यांना प्रार्थनेची खात्री नव्हती आणि ज्यांच्यासाठी ती झालीही नव्हती त्यांच्यात सुमारे 51 टक्के. प्रार्थनेला गोळीसारखे मोजले तर ती नापास होते, हे या अभ्यासाने दाखवले आणि मला ते पटते, कारण ती गोळी नाहीच. मात्र तो आकडा मला त्या मधुमेही बाईंकडे परत घेऊन जातो. आता बरे होऊन दाखवायचे आहे, हे ओझे आजाऱ्यावर टाकले की त्याचे काय होते, याचा तिथे एक इशारा आहे असे मला वाटते. प्रार्थना ओझे उतरवायला असते.

क्षमा कुणी कुणाला करायची, हा प्रश्न सांगली जिल्ह्याने एका फार कठीण रूपात पाहिला आहे. एचआयव्हीची लागण जास्त असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत सांगली होती. मीना सेषू यांनी 1992 मध्ये सांगलीत सुरू केलेल्या संग्राम संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच कार्यकर्त्या केले, त्या एकमेकींना शिकवू लागल्या. समाज ज्यांना रोगाचे मूळ म्हणत होता त्यांनीच रोग अडवण्याचे काम केले. याच वर्षांत आमच्या मंडळ्यांच्या शेवटच्या बाकावर ट्रकवाल्याची किंवा गवंड्याची तरुण विधवा येऊन बसू लागली. नवऱ्यापासून लागण झालेली, सासरने काढलेली. तिला काय सांगितले गेले? नवऱ्याला क्षमा कर, मग प्रभू तुला हात लावील.

ही क्षमेची मागणी मला क्रूर वाटते. ती नवऱ्याला क्षमा करीलही, स्वतःच्या वेळेने, किंवा आयुष्यभर करू शकणार नाही. देव तिच्याशी त्याचा निवाडा करील. पण क्षमा केल्याने तिच्या रक्तातला विषाणू कमी होणार नव्हता, तो एआरटीच्या गोळ्यांनी कमी होतो, ज्या सरकार 2004 पासून मोफत देऊ लागले. आणि त्या बाकावरच्या बाईने क्षमा मागायची नव्हतीच. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच प्याल्याला ओठ लावायला कचरलेल्यांनी मागायची होती. तिच्या मुलाला संडे स्कूलमध्ये वेगळे बसवणाऱ्यांनी मागायची होती. याकोबाच्या पत्रातला तेल लावण्याचा जो उतारा चंगाई सभेच्या बॅनरवर असतो, त्याच्या लगेच पुढे एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची सूचना आहे. एकमेकांजवळ. आजाऱ्याने एकट्याने नव्हे, मांडवातल्या शेकडो लोकांपुढे तर नव्हेच.

त्या उताऱ्यात आजारी माणूस कुठेही जात नाही. तो मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि ते त्याच्या घरी येतात. आमच्याकडे हे अजून पुष्कळ घरांत होते आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. रविवारची उपासना संपली की दोन एल्डर, पाळक, एक-दोन बायका चालत येतात, अंथरुणाशेजारी चटईवर बसतात, एखादे जुने गीत म्हणतात, तेलाचे बोट कपाळाला लावतात. मग चहा होतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत विचारले जाते, रेशनकार्डाचे काम अडले असेल तर कुणीतरी ते अंगावर घेतो. पुढच्या आठवड्यात हीच माणसे परत येतात, आणि आजार तसाच असला तरी येतात. चंगाई सभेला पुढचा आठवडा नसतो. मांडव दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो आणि न बरा झालेला माणूस मागे आपल्या गावात, आपल्या दोषासकट उरतो.

देव शरीर बरे करीत नाही असे माझे म्हणणे नाही. मी प्रार्थना करतो ती मनापासून, बरे होण्यासाठीच करतो, आणि डॉक्टरांनी हात टेकल्यावर सावरलेली माणसे मीही पाहिली आहेत. पण जो पाळक माइक हातात घेतो त्याच्याकडून मला काही गोष्टी स्पष्ट शब्दांत ऐकायच्या आहेत. क्षयाचा कोर्स पुरा करा. इन्शुलिन, एआरटी, फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बरे झालो अशी साक्ष द्यायला पुढे येणाऱ्याइतकाच मान, अजून बरा न झालेल्याच्या साक्षीला द्या. त्या पायाला जखम झालेल्या बाई उद्या गेल्या तर पाळकाने त्यांच्या कबरीपाशी उभे राहून मोठ्याने सांगावे की त्या विश्वासात मेल्या आणि त्यांच्या विश्वासात काही कमी नव्हते. ते त्यांच्या मुलांना ऐकू गेले पाहिजे, कारण मांडवातले वाक्य त्यांनीही ऐकलेले असते.